घोरणं थांबवणारं वाद्य आणि ठेक्यावर नाचणारा काकाकुवा

घोरण्यावर उपाय म्हणून लोक काय काय करतात! कुशीवर झोपतात, उशी बदलतात, नाकाला पट्टी चिकटवतात, आणि शेवटी घरचे वैतागून त्यांची गादी हॉलमध्ये टाकतात. 2006 साली स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी या यादीत एक भन्नाट भर घातली. रोज डिजरिडू वाजवा, म्हणाले.

डिजरिडू हे उत्तर ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य. वाळवीनं आतून पोखरलेलं निलगिरीचं लांब खोड घ्यायचं आणि एका तोंडाला ओठ लावून घुमवायचं. खरी मेख अशी, की वाजवताना श्वास तुटू द्यायचा नाही. गालात साठवलेली हवा तोंडानं सोडत राहायची आणि त्याच वेळी नाकानं नवी आत ओढायची. आपले पुंगीवाले हेच करतात. हे वाद्य शिकवणाऱ्या ॲलेक्स सुआरेझ यांच्या लक्षात आलं, की काही महिने रियाज केल्यावर आपलं आणि काही शिष्यांचं घोरणं कमी झालंय, दिवसा येणाऱ्या पेंगाही गेल्यात. दुसरा कुणी असता तर त्यानं 'आठवड्यात घोरणं बंद' असा क्लास काढून फिया गोळा केल्या असत्या. इथे मात्र गोष्ट झुरिकच्या संशोधकांपर्यंत गेली.

त्यांनी झोपेत श्वास अडकण्याचा मध्यम त्रास असलेले 25 जण घेतले. त्यातल्या 14 जणांना डिजरिडू शिकवलं आणि उरलेल्यांना 'तुमचा नंबर नंतर' म्हणून थांबवून ठेवलं. कोण कुठल्या गटात जाणार हे नशिबावर सोडलेलं. चार महिन्यांनी वाजवणाऱ्यांच्या दिवसाच्या पेंगा कमी झाल्या आणि झोपेतलं श्वास अडकणंही घटलं. शेजारी झोपणाऱ्यांचीही साक्ष काढली होती. आता झोपमोड कमी होते, असं त्यांनी सांगितलं. कारण सरळ आहे. घशाच्या वरच्या भागातले स्नायू सैल पडले की श्वासाची वाट झोपेत बुजते. फुंकून फुंकून तेच स्नायू घट्ट होतात. हा अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला आणि लेखकांच्या नावांत डॉक्टरांच्या जोडीला डिजरिडूच्या मास्तरांचंही नाव छापलं गेलं. 2017 मध्ये या मंडळींना इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस मिळालं. कुठल्या विषयातलं? शांततेचं!

(झोपेत श्वास अडकू नये म्हणून मशीन लावणाऱ्यांनी ते माळ्यावर टाकू नये. 25 माणसांवरचा अभ्यास आहे, डॉक्टरांना विचारा.)

संगीत आणि आरोग्य या विषयातल्या गमती गोळा करायला बसलं, की एक गोष्ट सारखी आडवी येते. वाजवणारा, तपासणारा आणि ज्याला दुखतंय तो, असे तिघे जिथे एका सतरंजीवर बसले तिथे काहीतरी हाती लागलं. एकट्यादुकट्यानं जे उरकलं, त्याचा बहुतेकदा वर्तमानपत्रातला मथळा तेवढा झाला.

आधी पिंप, मग छाती

डॉक्टर एक बोट छातीवर ठेवून दुसऱ्या बोटानं त्यावर टकटक करतात, ही पद्धत लेओपोल्ड आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरची. बाप खानावळवाला. पिंपात दारू किती उरलीय हे बाहेरून टिचकी मारून ओळखायचं, हे पोरानं लहानपणीच पाहिलेलं, असं सांगतात. पोकळ आवाज आला तर रिकामं, बद्द आवाज आला तर भरलेलं. छातीत पाणी साचलं की हेच होतं. 1761 साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. जवळजवळ कुणी लक्ष दिलं नाही. पुढे 1808 मध्ये नेपोलियनच्या डॉक्टरनं, कोरव्हिसारनं, त्याचं फ्रेंचमध्ये भाषांतर केलं तेव्हा कुठे जगाला ते कळलं. दरम्यान आउएनब्रुगर महाशयांनी एक ऑपेरा लिहून काढला होता! 1781 सालचा हा ऑपेरा धुराडी साफ करणाऱ्यावरचा, शब्द यांचे आणि संगीत कुणाचं, तर व्हिएन्नाचा दरबारी संगीतकार, साक्षात सालिएरी याचं.

स्टेथोस्कोप काढणारा लायनेकही बासरी वाजवायचा. 1816 मध्ये त्यानं कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि नंतर लाकडाची नळी घडवली. कान तयार असलेल्या माणसांनीच शरीराचे आवाज आधी ऐकले, यात नवल ते काय.

केन गावचे डॉक्टर केन

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात केन नावाचं गाव आहे. तिथले सर्जन इव्हान केन. 1914 मध्ये त्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात लिहिलं, की शस्त्रक्रियेच्या खोलीत फोनोग्राफ ठेवावा, रुग्णाची भीती कमी होते. हे गृहस्थ साधेसुधे नव्हते. 1921 मध्ये स्थानिक भूल देऊन त्यांनी स्वतःचं अपेंडिक्स स्वतःच काढलं. त्या वेळी खोलीत काय वाजत होतं, देव जाणे.

केन यांच्या फोनोग्राफचा हिशेब लागायला 101 वर्षं गेली. 2015 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये 73 चाचण्यांचा एकत्र आढावा आला, जवळपास 7,000 रुग्णांचा. शस्त्रक्रियेच्या आधी, चालू असताना किंवा नंतर संगीत ऐकलेल्यांना वेदना कमी, धास्ती कमी आणि वेदनाशामक औषधंही कमी लागली. आणि कहर म्हणजे पूर्ण भूल दिलेल्या, बेशुद्ध माणसांच्या कानाला गाणं लावलं तरी फरक पडला. जागेपणी ऐकवलं तर थोडा जास्त, एवढंच.

सोप्रानो गायिका मशीनच्या पोटात

2015 साली वॉशिंग्टनमधली एक मेजवानी. पाहुण्यांत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, ऑपेरातल्या नामवंत सोप्रानो, म्हणजे वरच्या पट्टीच्या गायिका रेने फ्लेमिंग आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे, म्हणजे एनआयएचचे प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स. हे तेच, ज्यांनी मानवी जनुकांच्या नकाशाचा सरकारी प्रकल्प तडीस नेला. कॉलिन्स गिटार वाजवतात. त्या रात्री गाणी झाली, गप्पा झाल्या, आणि त्यातून पुढे एनआयएच आणि केनेडी सेंटर या नाट्य-संगीतगृहाचा 'साउंड हेल्थ' हा संयुक्त उपक्रम उभा राहिला. फ्लेमिंगबाईंचा रस वरवरचा नव्हता. रंगमंचाच्या धास्तीनं शरीर कसं खरोखर दुखतं, हे त्यांनी स्वतः भोगलेलं.

2017 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ, संगीतोपचारक आणि कलावंत यांना एका खोलीत बसवलं गेलं. म्हणायला सोपं आहे. मेंदूशास्त्रज्ञाला 'मारवा ऐकून कालवाकालव झाली' चालत नाही, त्याला आकडा हवा. गायकाला 'उत्तेजक ध्वनी, 60 डेसिबल' म्हटलं की अंगावर काटा येतो. उपचारकाचं म्हणणं, आधी माझ्या पेशंटची वेळ पाळा. तरी गाडं पुढे सरकलं. 2019 मध्ये एनआयएचनं पाच वर्षांसाठी 2 कोटी डॉलरचा निधी जाहीर केला. 2023 मध्ये सगळ्यांसाठी एक सामायिक पद्धतसंच आला: कुठलं संगीत, किती वेळ, कुणी निवडलं, कुणी वाजवलं, मोजमाप कशानं केलं, हे प्रत्येकानं सारख्या पद्धतीनं लिहायचं. वाचायला हे रटाळ वाटेल, पण तोवर एकाचा अभ्यास दुसऱ्याच्या शेजारी ठेवायची सोयच नव्हती. एकाचं 'शांत संगीत' म्हणजे समुद्राची गाज, दुसऱ्याचं शांत संगीत म्हणजे बाख.

बाईंनी स्वतःही एमआरआय मशीनमध्ये दोन तास काढले. आधी शब्द बोलल्या, मग तेच गायल्या, मग नुसते मनातल्या मनात गायल्या. मेंदूचा जास्त भाग कधी कामाला लागला? मनातल्या मनात गाताना! संशोधकही चकित. त्यांचा तर्क असा, की बाईंना प्रत्यक्ष गाणं इतकं अंगवळणी पडलंय, की मेंदूला फारसे कष्टच पडत नाहीत. तंबोरा न छेडता मनात आळवणी करत बसणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा पुरावा गुरुजींना दाखवायला हरकत नाही.

मोझार्टची सीडी आणि गव्हर्नरसाहेब

आता मथळ्यांचा किस्सा. 1993 मध्ये 'नेचर'मध्ये एक छोटासा अभ्यास आला. कॉलेजातल्या 36 मुलांना मोझार्टचा दोन पियानोंसाठीचा सोनाटा दहा मिनिटं ऐकवला, तर कागद दुमडण्या-कापण्याची कोडी त्यांनी जरा बरी सोडवली. परिणाम टिकला 10 ते 15 मिनिटं. बस्स. यात बाळ नाही, आई नाही, कायमची हुशारी तर नाहीच नाही. पण कर्णोपकर्णी त्याचं 'मोझार्ट ऐका, बुद्धी वाढवा' झालं. 1998 मध्ये जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला शास्त्रीय संगीताची भेट देण्यासाठी 1,05,000 डॉलर मागितले आणि विधिमंडळात बीथोव्हेन वाजवून दाखवला. गर्भसंस्काराच्या सीड्या घरोघरी पोचलेल्या आपल्या मंडळींना हे काही फार परकं वाटू नये.

या फुग्याला टाचणी लागली ती मोठ्या गोतावळ्यामुळे. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या मदतीनं 10-11 वर्षांच्या सुमारे 8,000 शाळकरी मुलांवर प्रयोग झाला. काहींना मोझार्ट, काहींना नुसत्या गप्पा, काहींना ब्लर या बँडची आणि तसली पॉप गाणी. कोडी सोडवण्यात सरस कोण? पॉपवाले. मुलांना जे आवडतं ते ऐकून ती तरतरीत होतात आणि तरतरीत मूल कोडी बरी सोडवतं, इतकं साधं प्रकरण. पुढे व्हिएन्नात, म्हणजे खुद्द मोझार्ट जिथे राहिला त्या गावात, तीन संशोधकांनी चाळीसेक अभ्यास एकत्र चाळले आणि 2010 मध्ये आपल्या निबंधाच्या शीर्षकातच 'मोझार्ट-बिझार्ट' छापाची टर उडवली. एवढा मोकळेपणा शास्त्रीय नियतकालिकात क्वचित दिसतो.

गाणं कुणी निवडायचं?

आपल्याकडे रागांची औषधयादी हातोहात फिरते. रक्तदाबाला अमुक, पित्ताला तमुक, सकाळी उपाशीपोटी भैरव. पंडित ओंकारनाथ ठाकुरांनी इटलीत मुसोलिनीची निद्रानाशाची तक्रार पुरिया गाऊन घालवली, ही कथाही रंगवून सांगितली जाते. कथा सुरेख आहे, पण एका हुकूमशहाची एक रात्र म्हणजे चाचणी नव्हे.

हेलसिंकीत काय केलं पाहा. पक्षाघात होऊन गेलेले 60 रुग्ण घेतले. एका गटाला रोज किमान तासभर गाणी, दुसऱ्याला ध्वनिमुद्रित पुस्तकं, तिसऱ्याला दोन्हींतलं काही नाही. बाकी उपचार सगळ्यांना सारखे. गाणी कुठली? प्रत्येकाच्या आवडीची. संगीतोपचारक त्याच्याशी बोलून ती जमवून द्यायचे. तीन महिन्यांनी शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता गाणीवाल्यांत 60 टक्क्यांनी सुधारली, पुस्तकवाल्यांत 18 आणि तिसऱ्या गटात 29. मनाची उभारीही गाणीवाल्यांची जास्त. 2008 चा हा अभ्यास टेप्पो सार्कामो आणि सहकाऱ्यांचा. म्हणजे आजोबांना दादा कोंडके आवडत असतील तर दादा कोंडकेच लावायचे. त्यांना किशोरीताई ऐकवून सुधारायचं काम नंतर.

पक्षाघातातली आणखी एक करामत: डाव्या मेंदूला इजा होऊन वाचा गेलेला माणूस 'पाणी' म्हणू शकत नाही, पण पाठ असलेलं गाणं शब्दांसकट म्हणतो. स्वीडनमध्ये अठराव्या शतकातच अशा माणसाची नोंद झालीय. 1973 मध्ये बॉस्टनच्या तिघांनी यातून उपचारपद्धतीच बांधली. ती चालते अशी. उपचारक समोर बसतो, रुग्णाचा डावा हात हातात घेतो. वाक्य दोनच सुरांत म्हणायचं, एक वरचा, एक खालचा. जोर द्यायचं अक्षर वर, बाकीची खाली, आणि दर अक्षराला डाव्या हातावर एक थाप. मराठीत करायचं तर 'पा' वर, 'णी' खाली, 'द्या' वर. आधी दोघं मिळून, मग उपचारकाचा आवाज हळूहळू बारीक होत जातो, मग रुग्ण एकटा, आणि शेवटी सूर काढून टाकून नुसतं बोलणं. अमेरिकी संसदेच्या सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या डोक्यात 2011 साली गोळी शिरली, वाचा गेली. त्यांना पुन्हा बोलतं करण्यात संगीतोपचाराचा मोठा हात होता.

दारात अडकलेलं पाऊल

पार्किन्सन्स झालेल्या माणसाला चालता चालता अचानक पाऊल उचलत नाही. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. हे बहुधा दारातच होतं, किंवा वळताना. घरच्यांना वाटतं, आत्ता तर चालत होते, आता मुद्दाम करतायत. मेंदूच्या खोल भागातली जी गाठ हालचालीची वेळ राखते, तिचंच काम बिघडलेलं असतं. मग वेळ बाहेरून पुरवायची. 'एक-दोन, एक-दोन' असा ठेका कानावर पडला, की तीच माणसं चालायला लागतात. मायकेल थॉट हे तेव्हा कोलोरॅडोत असलेले संशोधक, त्याआधी व्यावसायिक संगीतकार. 1990 च्या दशकात त्यांनी हे मोजून दाखवलं: तीन आठवडे ठेक्यावर चालायचा सराव, आणि पावलं लांब, चाल वेगवान.

पण ठेका कानात घालून एकट्यानं गॅलरीत येरझारा घालणं किती दिवस जमणार? 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये पार्किन्सन्सच्या रुग्णगटानं मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेचं दार ठोठावलं: आम्हाला व्यायाम नको, नाच शिकवा. ही मागणी रुग्णांच्या बाजूनं आली, याला माझ्या लेखी फार मोल आहे. नर्तकांनी त्यांना पेशंट म्हणून नाही, विद्यार्थी म्हणून घेतलं. खऱ्या वादकाच्या साथीनं, खऱ्या स्टुडिओत, मंचावर बसवलेल्याच नाचांचे तुकडे शिकवायला सुरुवात केली. आज हे वर्ग वीसहून अधिक देशांत चालतात, आणि त्यांच्यामागोमाग मोजपट्टी घेऊन संशोधकही पोचलेत.

त्यातलं एक गाव आपलं पुणं. समकालीन नृत्य करणारे हृषीकेश पवार यांनी तिथे पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालवले आणि जोडीला होता 'पार्किन्सन्स मित्रमंडळ' हा रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांचा गट. पुणेकरांना सत्तरीत नाचायला उभं करणं हे खुद्द पार्किन्सन्सपेक्षा अवघड काम, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. 'लोक काय म्हणतील' हा आजार औषधाला दाद देत नाही.

ढोलताशावाल्यांसाठी एक जादा माहिती. ग्रेटफुल डेड या रॉक बँडचे ढोलवादक मिकी हार्ट यांनी 1991 मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली होती. विषय काय, तर म्हाताऱ्या माणसांना एकत्र बसवून ड्रम वाजवायला द्या. त्याच सुनावणीत मेंदूच्या विकारांवर लिहिणारे डॉक्टर ऑलिव्हर सॅक्सही बोलले. हार्ट यांच्या 'प्लॅनेट ड्रम' या अल्बममध्ये तबल्यावर होते आपल्या माहीमचे झाकिर हुसेन. जागतिक संगीताच्या अल्बमचं पहिलंवहिलं ग्रॅमी त्यालाच मिळालं.

समूहात गायलं की छातीत काय होतं

स्वीडनमध्ये गोथेनबर्गला ब्योर्न विकहॉफ यांनी 2013 मध्ये समूहगान करणाऱ्या तरुण मुलामुलींच्या हृदयाचे ठोके मोजले. नुसतं गुणगुणताना ज्याचे त्याचे ठोके वेगळे. स्तोत्र गायला लागले, की सगळ्यांचे ठोके एकदम वाढायला आणि एकदम कमी व्हायला लागले. चमत्कार नाही. ओळ संपेपर्यंत सगळे एकत्र श्वास सोडतात, ओळ संपली की एकत्र घेतात. श्वास सोडताना हृदयाची गती मंदावते, घेताना वाढते. म्हणजे गाणाऱ्यांचा श्वास कवी आणि संगीतकार ठरवतात आणि श्वास ठोके ठरवतो. आपल्या भजनी मंडळातल्या काकूंना एकदा ठोके मोजायचे पट्टे बांधून बघायला हवेत. 'विठ्ठल विठ्ठल'ची लय चढत जाते तेव्हा काय आलेख उमटेल! अर्थात काकू आधी विचारणार, पट्टा साडीवरून चालेल ना?

वेल्समध्ये कॅन्सरशी झुंजणाऱ्यांचे, त्यांची काळजी घेणाऱ्यांचे आणि मागे राहिलेल्यांचे गायनगट आहेत, टेनोव्हस या संस्थेचे. 2016 मध्ये तिथल्या 193 जणांनी तासभर गाण्याच्या आधी आणि नंतर थुंकीचे नमुने दिले. गाण्यानंतर कॉर्टिसोल हा ताणाचा संप्रेरक उतरलेला.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी प्रौढांच्या रात्रवर्गांत सात महिने ठाण मांडलं. गाण्याचा वर्ग, हस्तकलेचा वर्ग, लेखनाचा वर्ग. सात महिन्यांनी जवळीक सगळीकडे सारखीच झाली होती, पण गाणारे पहिल्या महिन्यातच एकमेकांचे झाले होते. लेखनवाले अर्थातच एकमेकांकडे संशयानं बघत असणार. (हे संशोधनात नाही, अनुभव आहे.)

कोविडनंतर धाप जाईना, तेव्हा लंडनमध्ये इंग्लिश नॅशनल ऑपेरा आणि इम्पीरियल कॉलेज रुग्णालयांनी हातमिळवणी केली. ऑपेराचे गायक ऑनलाइन श्वास शिकवायला लागले. सहा आठवड्यांचा वर्ग, आणि साहित्य काय? अंगाईगीतं! सोपी, संथ, ओठांवर आधीपासून असलेली, धाप न लागता म्हणता येणारी. 150 जणांवरच्या चाचणीत मानसिक स्वास्थ्य सुधारलं, धापेच्या काही मापांतही फरक दिसला. 2022 मध्ये हे 'लॅन्सेट'च्या श्वसनरोगांवरच्या नियतकालिकात आलं. ज्या गाण्यांना बाळं झोपवायचा सराव, ती मोठ्यांना श्वास घ्यायला शिकवू लागली, हे मला फारच आवडलंय.

ऐकूच न येणारा आवाज

कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठात 'लाइव्हलॅब' नावाचं 106 खुर्च्यांचं सभागृह आहे. दिसायला नाट्यगृह, खरं तर प्रयोगशाळा. प्रेक्षकांच्या मेंदूच्या लहरी, हृदयाचे ठोके, हालचाली, सगळं कार्यक्रम चालू असताना टिपता येतं. तिथे ऑर्फेक्स या इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्या जोडीचा कार्यक्रम ठेवला. नाचणाऱ्यांच्या डोक्याला हालचाल मोजणारे पट्टे. आणि एक चोरटी गोष्ट: अतिखर्ज आवाजाचे स्पीकर, जो आवाज कानाला जाणवतही नाही, दर अडीच मिनिटांनी चालू-बंद होत राहिले. चालू असताना लोक 11.8 टक्के जास्त नाचले. त्यांना विचारलं, काही ऐकू आलं? छे!

मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभारणाऱ्या मंडळांच्या कार्यकर्त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा. नाचवायला कानठळ्या बसवाव्या लागत नाहीत.

स्नोबॉल आणि रोनन

स्नोबॉल हा अमेरिकेतल्या एका पक्षी-आश्रमात राहणारा पांढराशुभ्र काकाकुवा. बॅकस्ट्रीट बॉइजचं गाणं लागलं, की तुरा फुलवून, पाय उचलून, मान झटकून नाचतो. व्हिडिओ जगभर फिरला आणि मेंदूशास्त्रज्ञ अनिरुद्ध पटेल यांच्यापर्यंत पोचला. त्यांनी आश्रम चालवणाऱ्या बाईंशी संपर्क साधला. तेच गाणं 11 वेगवेगळ्या वेगांत करून पाठवलं. स्नोबॉल लय पकडून चाल बदलतो का? बदलतो! पूर्ण वेळ नाही, पण योगायोग म्हणता येणार नाही इतका वेळ. 2009 च्या निबंधात आश्रमवाल्या बाईही सहलेखक आहेत. 2019 मध्ये त्याच पठ्ठ्याच्या 14 वेगवेगळ्या नृत्यमुद्रा मोजल्या गेल्या, शिकवलं कुणीच नव्हतं.

याचा आरोग्याशी संबंध? पटेल यांचा विचार असा, की ऐकून आवाजाची नक्कल करणाऱ्या प्राण्यांत कान आणि हालचाल यांना जोडणारे मेंदूतले धागे पक्के असतात. दारात अडकलेलं पाऊल ठेक्यानं सुटतं ते अशाच धाग्यांमुळे. म्हणून पोपटाचा नाच हा पोरखेळ नाही. मात्र 2013 मध्ये कॅलिफोर्नियातल्या रोनन नावाच्या सी-लायननं घोळ घातला. तिला आवाजाची नक्कल येत नाही, पण ठेका बिनचूक धरते. सिद्धांताला तेव्हापासून डागडुजी चालू आहे.

स्नोबॉल ज्या गाण्यांवर नाचला त्यात क्वीनचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' होतं. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर मिनिटाला 100 ते 120 वेळा दाब द्यावा लागतो, आणि या गाण्याचा वेग नेमका त्यात बसतो. पण 'आणखी एक मेला' अशा अर्थाचं गाणं मनात म्हणत माणूस वाचवायचा म्हणजे जरा अतीच. म्हणून प्रशिक्षणात बी जीजचं 'स्टेइंग अलाइव्ह' शिकवतात. वेग मिनिटाला 103 च्या आसपास, आणि नावातच जिवंत राहणं.

75 संशोधक, तेच गायक

तपासणारा आणि गाणारा एकच माणूस असला तर? 2024 मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये आलेला एक निबंध. प्रश्न: जगभर गाणं आणि बोलणं यांत फरक काय? यासाठी आदिवासी पाड्यांवर टेपरेकॉर्डर घेऊन जायचं, ही जुनी रीत. यांनी ठरवलं, आपणच गाऊ. 75 संशोधक, 55 भाषा. प्रत्येकानं आपल्या भाषेतलं पारंपरिक गाणं म्हटलं, तीच चाल वाद्यावर वाजवली, तेच शब्द नुसते वाचले, आणि गाण्याबद्दल चार वाक्यं बोलून दाखवली. बंगळुरूच्या निमहान्स या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या संस्थेत संगीत आणि मेंदू यांवर काम करणाऱ्या, स्वतः हिंदुस्तानी गाणाऱ्या शांतला हेगडेही त्यात आहेत. निष्कर्ष असा: गाणं बोलण्यापेक्षा संथ, वरच्या पट्टीतलं आणि सूर धरून ठेवणारं, आणि हे जवळजवळ सगळीकडे. इतक्या प्राध्यापकांना माइकसमोर गायला लावणाऱ्याच्या चिकाटीला सलाम.

आणि डोक्यातून न जाणारं गाणं

सकाळी रिक्षात ऐकलेलं गाणं रात्रीपर्यंत डोक्यात घोळतं, त्यावरही इलाज शोधून झालाय. 2015 मध्ये इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठात लोकांना मुद्दाम चिकट गाणी ऐकवली आणि अर्ध्या वेळी च्युइंगगम चघळायला दिलं. चघळताना गाणं कमी वेळा डोक्यात आलं. मनातल्या मनात गातानाही जीभ-जबड्याच्या हालचालीची यंत्रणा कामाला लागलेली असते, ती दुसरीकडे गुंतवली की गाण्याला जागा उरत नाही. खारे शेंगदाणे चालतील का, हे रेडिंगवाल्यांनी तपासलेलं नाही. गल्लीत सात-आठ जण जमले तर एका संध्याकाळचं काम आहे.